वाडी ते कासेल, नग तीन

मालवाहतुकीच्या धंद्यात माझं नाव आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढची हकीकत वाचून कुणाचा गैरसमज होऊ नये, एवढाच हेतू. अमरावती रोडवर वाडीला जी गोदामं आहेत, त्यांतल्या एका मोठ्या गोदामाचा मी मॅनेजर होतो. काटोल-नरखेडची संत्री मी थेट आसामपर्यंत अशी पोचवली आहेत की तिकडचे व्यापारी पेटी उघडून नुसता वास घेत उभे राहत. एकदा एका देवळाची भलीमोठी घंटा छिंदवाड्याला पाठवली, ती वाटेत एकदाही वाजली नाही. तर अशा माणसाला एक कुत्रा आणि दोन मांजरी जर्मनीत पोचवायला किती वेळ लागावा?

"महिनाभर. फार तर," असं मी म्हणालो होतो. घरात म्हणालो असतो तर निभावलं असतं. मी ते कॉलनीच्या गणपतीत, माइकवरून म्हणालो.

त्या वेळी आमचा सत्कार चालू होता. आमचा म्हणजे दामिनीचा, माझ्या बायकोचा. तिला जर्मनीत कासेल नावाच्या गावी इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. ती भाषा शिकली, परीक्षा दिल्या, पास झाली, आणि कॉलनीला कळेपर्यंत तिचा व्हिसासुद्धा आला. ठरलं असं की ती आणि आमची नऊ वर्षांची माया पुढे जातील, मी नोकरीचा राजीनामा देऊन, घर आवरून, जनावरं घेऊन मागून जाईन. यावर वरच्या मजल्यावरचे रामाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हणजे अश्विनभाऊ, आता तुमची पाठवणी आहे म्हणा ना!" लोक हसले. मीही हसलो. पण त्यानंतर बोलण्यात जो एक फाजील जोर येतो, तो आला, आणि त्या जोरात तो महिना तोंडातून निघून गेला.

जनावरांची ओळख करून देतो. ठाणेदार हा पिवळसर रंगाचा गावठी कुत्रा. तो मायाला माझ्याच गोदामात एका ट्रकच्या मागच्या चाकाखाली सापडला. घरी आल्यावर आठवडाभरात त्यानं अख्ख्या दत्तवाडीचा, म्हणजे आमच्या कॉलनीचा, बंदोबस्त हातात घेतला, म्हणून हे नाव. तर्री आणि पाटवडी या दोघी मांजरी. तर्री तिखट, पाटवडी मऊ. यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. या तिघांबाबत माझं धोरण पहिल्या दिवसापासून स्वच्छ होतं. मी त्यांना 'तुमचा कुत्रा' आणि 'तुमच्या मांजरी' म्हणत असे. घरात राहतात, राहू देत. माझा संबंध फक्त वाहतुकीचा.

विमानतळावर निघताना दामिनीनं कामांची उजळणी घेतली आणि शेवटी विचारलं, "अहो, खरंच तुमच्याच्यानं होते ना?"

"तू जाय वं बिनधास्त," मी म्हणालो. "मी घंटा पोचवून राहिलो होतो तेव्हा तू पाहिली नाही काय?"

माया मात्र काही विचारत नव्हती. तिला मी लहानपणापासून रविवारी गोदामात नेत असे. तिथं माल उतरताना मी तिला पोत्यावर उभं करायचो आणि मोजायला लावायचो. आमच्याकडे मोजताना पहिल्या नगाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभऽऽ, दोनऽऽ, तीनऽऽ, असं. जुन्या लोकांची रीत आहे, सुरुवात शुभ असावी म्हणून. धंद्याचे दोन नियम तिला तेव्हापासून पाठ होते. घेणाऱ्यानं आपल्या तोंडानं मोजल्याशिवाय माल पोचला म्हणायचं नाही. आणि एखादा नग जास्त आला तर हाकलायचा नाही, मालक येईपर्यंत जपून ठेवायचा.

"बाबा, तिघांनाही आणाल ना?" ती शेवटी म्हणाली.

"तू स्वतः मोजून घे."

"मग तोपर्यंत मी तिकडच्या शाळेत बोलणार नाही. ठाणेदार आला की बोलीन."

मी तिच्या डोक्यावर टपली मारली. पोरं बोलतात. पण पोरगी आईवर गेली आहे, हे मी विसरलो होतो. ती गेली आणि खरोखर बोलली नाही.

पहिलं काम होतं चिप आणि इंजेक्शन. जनावराच्या मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात, त्यात नंबर असतो, आणि रेबीजचं इंजेक्शन द्यायचं असतं. दामिनीनं सांगितलं होतं, आधी चिप, मग इंजेक्शन. आता मला सांगा, गाडीला सील कधी लावतात? माल भरून, दार बंद करून, सगळ्यांत शेवटी. सील आधी लावून मग माल भरणारा माणूस वाडीत दुसऱ्या दिवशी दिसणार नाही. चिप म्हणजे सीलच की! दामिनी रुग्णसेवेत कितीही हुशार असली तरी वाहतुकीत तिचा अनुभव शून्य. म्हणून मी एका शिबिरात तिघांनाही इंजेक्शन देऊन आणलं. तर्रीनं माझ्या दंडावर जी नक्षी काढली, ती भरून आल्यावर मी शांतपणे चिप लावायला डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी चिप लावली, हात धुतले आणि विचारलं, "इंजेक्शन कधी देणार?"

"ते केव्हाच दिलं," मी म्हणालो. मला शाबासकीची अपेक्षा होती.

"चिपच्या आधी? मग ते झालंच नाही."

"झालं नाही म्हणजे? डॉक्टर, मी स्वतः धरून बसलो होतो. हा दंड पाहा."

"तिकडच्या लोकांच्या हिशेबानं झालं नाही. इंजेक्शन दिलं ते हेच कुत्रं, कशावरून?"

या प्रश्नाचं उत्तर ठाणेदाराकडे असावं, कारण तो टेबलाखाली निघून गेला.

तर पुन्हा इंजेक्शन. पुन्हा दंड. मग काही आठवडे थांबून रक्त काढायचं, ते परदेशातल्या ठरावीक प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि रक्त पास झालं तरी वर तीन महिने थांबायचं. डॉक्टरांनी लसीकरणाची नवीन पुस्तकं काढली आणि विचारलं, "मालकाचं नाव?" मी क्षणाचाही विचार न करता दामिनीचं नाव सांगितलं. ट्रान्सपोर्टवाल्यानं नेत असलेल्या मालावर आपलं नाव घातलं तर त्याला आमच्यात एकच शब्द आहे आणि तो चांगला नाही. ही चूक उमगायला मला पुढचे बरेच महिने लागले.

ते महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. गोदामातून मला शाल, श्रीफळ आणि चाकांची सूटकेस देऊन निरोप देण्यात आला होता. कॉलनीत गच्चीवर निरोपाचं जेवण झालं होतं. एकदा निरोप दिलेला माणूस रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन दिसू लागला की लोकांना कसंनुसं होतं. पहिल्या आठवड्यात "अरे, अजून इथंच?" असं असतं. मग "विमान चुकलं काय?" असं होतं. मग लोक काहीच विचारत नाहीत, नुसते सहानुभूतीनं पाहतात, आणि ते सगळ्यांत वाईट. एका बाईंनी दुसरीला हळूच विचारलेलं मी कानांनी ऐकलं, "तिनं बोलावलंच नाही काय वं यांले?" त्या दिवसापासून मी दूध आणायला मागच्या गल्लीनं जाऊ लागलो. तर ठाणेदार पुढच्या गल्लीत उभा राहून भुंकायचा, म्हणजे सगळ्यांना कळायचं की मी मागून गेलो.

रोज संध्याकाळी कासेलहून फोन यायचा. दामिनी थकलेली असायची. ती सांगायची की शाळेच्या बाईंनी पुन्हा बोलावलं होतं. माया वर्गात सगळं लिहिते, गणितं सोडवते, पण तोंडातून शब्द काढत नाही. बाई विचारत होत्या, मुलीला ऐकू येतं ना? मग माया फोन घ्यायची आणि म्हणायची, "बाबा, ठाणेदारले द्या." मी फोन त्याच्या कानाला लावायचो. ती त्याच्याशी भरभरून बोलायची. शाळेतलं झाड, बर्फ, एक मुलगी जिचे दात पडले आहेत, सगळं त्याला सांगायची. मी शेजारी फोन धरून उभा. माझ्या वाट्याला शेवटी एवढंच यायचं, "कधी येऊन राहिले?" आणि मी म्हणायचो, "झालंच." मला रात्री... नको, ते जाऊ द्या. एवढंच सांगतो की घंटेचा विषय मी काढणं बंद केलं.

रक्त पास झालं. मुदत सरली. मी मुंबईच्या एजंटाला सगळे कागद पाठवले. त्यांचा लगेच फोन आला.

"मालक दामिनी काळमेघ. त्या कुठे आहेत?"

"जर्मनीत."

"कधी गेल्या?"

"दिवाळीच्या आधी."

"मग साहेब, तुम्ही हे घरचे प्राणी म्हणून नेऊ शकत नाही. मालक आणि प्राणी पाचेक दिवसांच्या आत मागेपुढे गेले पाहिजेत. इतके महिने लांब राहिलेला कुत्रा तिकडच्यांच्या लेखी विक्रीचा माल झाला."

आयुष्यभर मी माल हा शब्द दिवसातून शंभरदा उच्चारला आहे. पण त्या वेळी ठाणेदार माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपला होता, आणि माझा आवाज अचानक इतका चढला की तर्री फ्रिजवर जाऊन बसली. "माल काय म्हणता? नाव आहे त्याला!" मी म्हणालो. एजंट सभ्य होता. तो म्हणाला, "मग मालक तुम्ही व्हा."

हे रामाजींना कळलं. रामाजी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले आहेत, आणि निवृत्त झाल्यापासून कुणाच्या तरी कागदाची वाट पाहत आहेत. ते संध्याकाळी चष्मा पुसत खाली आले. "बक्षीसपत्र करावं लागते," ते म्हणाले. "देणार दामिनीबाई, घेणार तुम्ही. मी मसुदा आणतो. तुम्ही फक्त कुत्र्याची लांबी-रुंदी द्या."

मसुदा आला. त्यात ठाणेदाराची चतुःसीमा दिली होती. पूर्वेस डोके, पश्चिमेस शेपूट, उत्तरेस डावी बाजू, दक्षिणेस उजवी बाजू.

"रामाजी, पण तो वळला तर?"

"वाचा ना पुढं," रामाजी शांतपणे म्हणाले. "'तोंड पूर्वेकडे करून उभा असताना' असं लिहिलं आहे. पस्तीस वर्षं हेच केलं मी."

दामिनीनं तिकडून सही करून कागद पाठवला. फोनवर ती इतकंच म्हणाली, "घर नावावर करताना एवढे कागद लागले नव्हते हो." तो घेऊन आम्ही कोर्टाच्या आवारात नोटरीकडे गेलो. मी, ठाणेदार, आणि साक्षीदार म्हणून रामाजी आणि शेजारच्या कुसुमताई. कुसुमताई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, एकट्याच राहतात, आणि अख्ख्या कॉलनीला इयत्ता चौथी समजून वागवतात. मांजरी टोपलीत होत्या. त्यांच्या मालकीबद्दल नोटरींना शंका नव्हती, कारण तर्रीनं टोपलीतून पंजा काढून माझीच बाही धरली होती. पण ठाणेदाराकडे पाहून ते म्हणाले, "बोलावून दाखवा बरं."

मी खुर्ची मागे सारली, आवाज लावला आणि हाक मारली. ठाणेदार उठला, अंग झाडलं, आणि कुसुमताईंच्या पायाशी जाऊन बसला.

नोटरींनी चष्म्यावरून पाहिलं. टायपिंगवाले थांबले. मी पुन्हा हाक मारली. त्यानं शेपूट हलवली, पण तिथूनच. कुसुमताई पुटपुटल्या, "जाय ना रे बाबा, माही इज्जत काढशील." तो त्यांच्या पदराचा वास घेत बसला. आता मात्र माझं टाळकं सटकलं. साडेसात महिने ज्याच्यासाठी मी मागच्या गल्लीनं फिरलो, दंड फाडून घेतले, ज्याच्या कानाला रोज फोन धरून उभा राहिलो, त्यानं भर कोर्टात ओळख देऊ नये! मी उठलो आणि चालू लागलो. पायऱ्या उतरलो, झाडापाशी पोचलो, तेव्हा पोटरीला काहीतरी ओलं लागलं. ठाणेदार माझ्या पावलाला पाऊल लावून चालत होता.

परत आलो तेव्हा शिक्का मारून झाला होता. "तुमचं ऐकत नाही, पण तुम्हाला सोडतही नाही," नोटरी म्हणाले. "माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच कुटुंबांपेक्षा बरं आहे."

राहता राहिला पिंजरा. हे काम मी दुसऱ्या कुणाला देणं शक्यच नव्हतं. वाडीत ओमप्रकाश नावाचा पॅकिंगवाला आहे, त्याच्या हातचं पॅकिंग म्हणजे माझ्या कारकिर्दीचा पाया. मी त्याला माप दिलं आणि म्हणालो, "ओमप्रकाश, मानाचं काम आहे."

"भाऊ, टेन्शन मत लो ना," ओमप्रकाश म्हणाला. "ऐसा बनायेंगे ना, के कुत्ता जर्मनी में उतरेगा तो उसको लगेगा अभी वाडी में ही है."

आमच्या धंद्याचा पहिला धडा असा की हलला तो माल गेला. पेटीत जागा राहिली की संत्रं संत्र्यावर आपटतं. म्हणून आम्ही पिंजरा अगदी मापात बसवला, ठाणेदाराच्या दोन्ही बाजूंना चार बोटंसुद्धा मोकळी नाहीत, आणि फटींतून धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, गच्च भरलं. इतकं देखणं काम झालं होतं की मी फोटो काढून एजंटाला पाठवला. त्याचा निरोप आला, "साहेब, आत संत्री आहेत का?"

कळलं ते असं. जनावराला आत ताठ उभं राहता आलं पाहिजे, गर्रकन वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. तणस तर परदेशात चालतच नाही. ओमप्रकाशला हे सांगितलं तेव्हा त्यानं हातातली हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "भाऊ, मतलब माल को हिलने देना है?" आमच्या दोघांच्याही श्रद्धेचा प्रश्न होता. पण त्यानं दुसरा पिंजरा बांधला, ऐसपैस, आणि दुखावलेल्या मनाला उभारी म्हणून दाराला एक भारी कडी बसवली. दार लोटलं की आपोआप बंद, उघडणार फक्त बाहेरून.

आणि ठाणेदार त्यात जाईना.

दारात मटणाचं हाड ठेवलं. त्यानं पुढचे पाय बाहेर ठेवून, मान लांब करून हाड काढून घेतलं. रामाजी म्हणाले, पिंजऱ्याचं तोंड पूर्वेकडे करा, कागदात तसं आहे. तसं केलं. ओमप्रकाशनं मागून ढकललं, तर ठाणेदारानं चारी पाय दाराच्या चौकटीला लावले आणि तो पिंजऱ्यासकट पुढे सरकला. निघायचा दिवस जवळ आला होता. एजंटानं सांगून ठेवलं होतं की जनावर आत शांत बसलं नाही तर विमानवाले तिथूनच परत पाठवतात. दामिनीला मी हे सांगितलं नव्हतं. मायाला काय सांगणार होतो, ते मलाच माहीत नव्हतं.

अंगणात कुसुमताई कमरेवर हात ठेवून सगळं पाहत होत्या. "काहून गा अश्विन," त्या म्हणाल्या, "तू जाऊन पाहिलं काय आत?"

"मी कशाले जाऊ ताई?"

"मग तो काहून जाईन? मास्तर वर्गात जात नाही तोवर पोरं जात नाहीत."

इकडेतिकडे पाहिलं. ओमप्रकाश चहाला गेला होता, रामाजी वर गेले होते. कुसुमताई कुकर बंद करायला वळल्या. अंगणात कुणी नाही असं पाहून मी गुडघ्यावर बसलो आणि आत शिरलो. आत खरंच ऐसपैस होतं, कुत्र्यासाठी. मी पाय दुमडून, मान खाली घालून बसलो आणि म्हणालो, "ये." तो माझ्याकडे पाहत राहिला. मग एक पाय आत, दुसरा पाय आत, आणि बघता बघता सगळाच आत येऊन त्यानं माझ्या मांडीवर बैठक मारली. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात त्याची शेपूट दाराला लागली आणि ओमप्रकाशची कडी, तिची काय तारीफ करावी, खट्कन बसली.

माणसाची प्रतिष्ठा किती कष्टानं उभी राहते, आणि किती लहान पिंजऱ्यात मावते! मी हाका मारल्या. पहिले आले रामाजी. त्यांनी पाहिलं, "अरे बाप रे!" म्हणाले, आणि कडी काढायच्या आधी फोन काढला. पूर्ण चित्रफीत घेतली, चारी बाजूंनी, चतुःसीमेसह. मी आतून म्हणत होतो, "रामाजी, कडी! आधी कडी!" आणि ठाणेदार माझ्या खांद्यावरून मान काढून जांभई देत होता. मी बाहेर येऊन गुडघे सरळ करेपर्यंत ते दृश्य कॉलनीच्या ग्रुपवर होतं, गोदामाच्या ग्रुपवर होतं, आणि कुणीतरी परोपकारी माणसानं ते दामिनीला पाठवलं होतं.

फोन वाजला. घेऊ नये असं वाटलं. घेतला. पलीकडून नुसतं हसू येत होतं. खदाखदा, श्वास अडकेपर्यंत, उचकी लागेपर्यंत. ते मायाचं हसू होतं. मी ते किती महिन्यांनी ऐकत होतो! मागून दामिनी म्हणाली, "इथं आल्यापासून पहिल्यांदा हसली हो." मी अंगणात पिंजऱ्याला टेकून बसलो आणि फोन कानाशी धरून ठेवला. या खेपेस मी तो ठाणेदाराला दिला नाही.

त्या दिवसापासून ठाणेदार पिंजऱ्यात आपणहून जाऊ लागला. मी आत आहे की नाही हे पाहायला जात असावा.

निघायच्या सकाळी कुसुमताई एक जुनं सुती लुगडं घडी करून घेऊन आल्या. "तणस नाही चालत म्हणते ना, मग हे टाक त्याच्याखाली. दुपारचा याच्यावरच झोपते तो माह्याकडं." ठाणेदार रोज दुपारी कुठे असतो, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी हात वर करून वर्ग शांत केला. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "तिकडं तुले कोण ठाणेदार म्हणणार आहे रे? साधा कुत्रा होऊन जाशील." मी मान वळवली. त्या त्याच्याबद्दल बोलत होत्या, पण लागलं मला. कासेलच्या गोदामात माझ्या नावाला कोण ओळखणार होतं?

टेम्पोनं समृद्धी महामार्गानं मुंबई गाठली. प्रत्येक टोलनाक्यावर ठाणेदारानं आतून हद्दीची चौकशी केली. मुंबईच्या तपासणीत साहेबांनी विचारलं, "मालक कोण?" त्यांचं वाक्य संपायच्या आत मी म्हणालो, "मी." रामाजींचा कागद पुढे केला. त्यांनी चतुःसीमा वाचली, दोनदा वाचली, आणि चिपचा नंबर लावून पाहिला. पुस्तकांवर डॉक्टरांनी माझं नाव घातलेलंच होतं, त्यामुळे त्यांना बक्षीसपत्राची गरजच नव्हती, पण त्यांनी त्याची एक प्रत मागून घेतली. कार्यालयात दाखवायला, म्हणाले.

फ्रँकफर्टला आमचा माल बाजूच्या इमारतीत उतरला. तिथं एका उंच बाईनं तिघांवर यंत्र फिरवलं, कागद पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, जा. मी ट्रॉली ढकलत दाराबाहेर आलो. वर ठाणेदाराचा पिंजरा, खाली मांजरींचे दोन. अंगावर विमानातल्या कॉफीचा डाग, गुडघे धरलेले. समोर दामिनी उभी होती. तिच्यापुढे माया, मोठा कोट घातलेली, तोंड घट्ट मिटलेलं.

पिंजऱ्याचं दार उघडलं. मला वाटलं, आता ती त्याच्या गळ्यात पडेल. पण ती दोन पावलं मागे सरली, पाठ ताठ केली आणि उजव्या हाताचं बोट पुढे काढलं. गोदामात पोत्यावर उभी राहायची तशी. मला कळलं. मी ट्रॉली सोडून बाजूला झालो, मोजणाऱ्याच्या आणि मालाच्या मध्ये वाहतूकदारानं उभं राहायचं नसतं.

ती ट्रॉलीकडे गेलीच नाही. माझ्यासमोर आली, माझ्या पोटावर बोट टेकवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभऽऽ!"

सगळी इमारत वळून पाहू लागली. "दोनऽऽ!" ती ठाणेदाराच्या नाकावर बोट ठेवत ओरडली. "तीनऽऽ! चारऽऽ!" तर्रीनं आणि पाटवडीनंही मुकाट्यानं मोजून घेतलं.

"नग तीनच होते ना गं?" मी कसाबसा म्हणालो.

"एक जास्त आला आहे," माया म्हणाली.

"मग? काय शिकवलं होतं मी?"

"हाकलायचा नाही. मालक येईपर्यंत जपून ठेवायचा."

दामिनी पुढे आली. तिनं माझ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली, कॉलर सरळ केली आणि मायाला म्हणाली, "आली मालकीण. चला आता घरी."